कूस

जुलैमध्ये कोल्हापुरात भेटलेला माणूस आधी 'कसं काय' विचारत नाही. 'किती फुटांवर हाय?' असं विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. दूध आणायला गेलेला माणूस येताना पातळीही घेऊन येतो. राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात. सात आहेत, पैकी आज किती उघडले, यावर रिक्षात अनोळखी माणसांच्या गप्पा रंगतात.

त्या जुलैत मला आठवा सरून नववा लागला होता आणि आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात दोन पातळ्यांवर लक्ष होतं. एक पंचगंगेची, एक माझ्या पोटात बाळाभोवती असलेल्या पाण्याची. सोनोग्राफीत पाणी नऊ आलं होतं. ठीकच होतं ते, पण 'जरा कमीकडे आहे, पाणी पीत जा' एवढं डॉक्टर बोलून गेल्या आणि घर कामाला लागलं. सासरे तांब्या भरून समोर आणून ठेवायचे. नवरा ऑफिसातून फोन करून 'किती ग्लास झाले?' विचारायचा. नदीचं वाढू नये आणि सुनेचं कमी होऊ नये, अशी दुहेरी काळजी. बाळाची हालचाल मोजली जात होती, वजन मोजलं जात होतं, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन. फाइल चांगली जाडजूड झाली होती. तिच्यात नव्हतं ते एवढंच, की मी रात्री कूस कशी बदलते.

हे सांगून समजण्यासारखं नाही, तरी सांगते. डाव्या कुशीवर झोपा म्हणतात. झोपले. तासाभरात डावा खुबा ठणकायला लागतो. मग वळायचं. आधी उशीतून हात सोडवायचा. मग पोट उचलायचं, म्हणजे खरोखर दोन्ही हातांनी धरून उचलायचं. मग गुडघे. आणि गुडघे एकमेकांपासून सुटले रे सुटले की मांड्यांच्या मधे, अगदी पुढच्या हाडात, लाकूड चिरल्यासारखी कळ. तिथून ती मागं माकडहाडाच्या वरच्या बाजूला जाते आणि बसते. मी पलंगाची कड धरून, दात खाऊन, चार टप्प्यांत उजवीकडे पोचायचे. पोचेपर्यंत लघवीला लागलेलं असायचं.

मराठीत कूस म्हणजे गर्भाशय आणि कूस म्हणजे झोपताना खाली येते ती बाजूही. ज्याने कुणी हे दोन अर्थ एका शब्दात घातले ते बाईमाणूसच असणार, असं मला त्या रात्रींमध्ये फार वाटायचं.

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर आहे. २०१७ च्या दुरुस्तीपासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. पण घेतंय कोण? आधी घेतलेला प्रत्येक दिवस बाळाजवळून काढून घेतल्यासारखा वाटतो. म्हणून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत मी केएमटीच्या बसने जात होते. पावसाळ्यात रस्त्यांची अवस्था कोल्हापूरकराला सांगायला नको, बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. बस खड्ड्यात गेली की माझ्या तोंडून 'आई गं' निघायचं आणि कंडक्टर मागं वळून ओरडायचा, 'ड्रायव्हरसाब, सावकाश, ताई हायती!' त्या एका वाक्यावर मी दिवस काढलेत.

दर पंधरवड्याला दवाखाना. दीड तास बाकावर, चार मिनिटं आत. डॉक्टर हुशार होत्या, दुष्ट तर मुळीच नव्हत्या, बाहेर चाळीस बायका बसलेल्या. मी म्हटलं, 'मॅडम, कंबर आणि पुढचं हाड फार दुखतंय.' त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, 'दुखणारच. डिलिव्हरी झाली की जाईल.' रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळ हलायचं कमी होणं, यातलं काही झालं तर तडक यायचं, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं आणि ते योग्यच होतं. माझं दुखणं त्या यादीत बसत नव्हतं. ते धोक्याच्या पातळीखालचं दुखणं होतं. ४३ फुटांच्या आतलं.

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, 'आगं, आमी नवव्या म्हैन्यात जोंधळ्याच्या पाट्या उचलत हुतो.' मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं त्याच जवळ येऊन बसल्या. 'लईच हुतंय का? गावाकडं हाडवैद्य हाय. एका झटक्यात बसवतोय म्हणं.' झटका हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. गरोदर बाईच्या कमरेला असला झटका द्यायला मी कुणाला हात लावू देणार नव्हते. पण त्यांनी विचारलं, हे मला बरं वाटलं. कारण तेव्हा हे कुणीच विचारत नव्हतं.

ऑस्टिओपॅथी हा शब्द माझ्या कानावर घातला मावसबहिणीनं. ती इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्या दोन्ही बाळंतपणांत ती शेवटच्या तीन महिन्यांत ऑस्टिओपॅथकडे जात होती, पदरचे पौंड मोजून. 'अगं, तो काय करतो?' 'हातानं बघतो. हळू दाबतो, ताणतो, हलवतो.' 'म्हणजे मालिश?' 'नाही गं. म्हणजे, हो. पण नाही.' मावसबहीण इंजिनिअर आहे. तिचं एवढं गुळमुळीत उत्तर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग मी वाचायला बसले. झोप येत नव्हतीच. अँड्र्यू टेलर स्टिल हा अमेरिकेतला डॉक्टर, जन्म १८२८ चा. १८६४ साली मेंदूज्वरानं त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळचं औषध काही करू शकलं नाही. त्या काळचं औषध म्हणजे तरी काय, पारा, अफू आणि रक्त काढणं. हा माणूस त्या सगळ्यावर रुसला आणि हाडं, स्नायू, सांधे यांच्याकडे वळला. शरीराची रचना नीट असेल तर शरीर स्वतःला सावरतं, असं त्याचं म्हणणं. १८७४ मध्ये त्यानं ते जाहीर केलं, १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्कस्व्हिल गावात शाळा काढली. आज अमेरिकेत त्या परंपरेतून पदवी घेतलेले लोक पूर्ण डॉक्टर असतात, शस्त्रक्रियासुद्धा करतात. ब्रिटनमध्ये ते हातानं उपचार करणारे, आणि १९९३ च्या कायद्यानुसार तिथं नोंदणीशिवाय कुणाला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. स्टिलचे सगळे दावे आज कुणी धरून बसत नाही. त्याला वाटत होतं त्यातले कितीतरी आजार हाताच्या कक्षेतले नव्हतेच. पण पोटचं मूल गेलेला बाप हात चालवायला लागला, हे माझ्या मनातून जाईना. आठव्या-नवव्या महिन्यात बाई असल्या गोष्टींवर रडते.

कोल्हापुरात मला ऑस्टिओपॅथ मिळाला नाही. मिळाली ती राजारामपुरीतली एक फिजिओथेरपिस्ट, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. फोनवरच म्हणाली, 'ताई, मी ऑस्टिओपॅथ नाही हं. त्यांच्या काही पद्धती शिकलेय, तेवढ्या वापरते. आणि आधी तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा.' या दोन वाक्यांसाठी मी तिच्याकडे गेले. आपण काय नाही हे आधी सांगणारा माणूस वैद्यकात भेटला की धरून ठेवावा.

पहिल्या दिवशी तिनं चाळीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. छापील कागद होता, दोन इंग्रज डॉक्टरांनी १९८३ मध्ये केलेली २४ वाक्यांची यादी, कंबरदुखीसाठी जगभर वापरतात. ती एकेक वाक्य मराठीत सांगायची, आजच्या दिवसाला लागू असेल तर मी 'हो' म्हणायचं. जिना चढताना कठडा धरता का? आमचा जिना लाकडी, उभा, कठड्याला दोर बांधलेला. हो. अंथरुणात वळायला त्रास होतो का? हो, हो. मोजे घालायला जमतं का? मी हसले. 'बाई, कोल्हापुरात जुलैत मोजे कोण घालतंय? चपलेचं विचारा.' तीही हसली आणि मोज्यांसमोर तिनं पेननं चप्पल असं लिहिलं. मग एक वाक्य आलं. दुखण्यामुळे तुम्ही माणसांवर नेहमीपेक्षा जास्त चिडचिड करता का? आणि मला एकदम रडू फुटलं. आदल्या रात्री मी नवऱ्यावर, तो पाणी घेऊन आला म्हणून, ओरडले होते. ते कुठल्यातरी यादीत होतं. म्हणजे मी वाईट स्वभावाची झाले नव्हते, मी दुखत होते.

त्या दिवशी २४ पैकी १५ 'हो' झाले. माझी पहिली पातळी.

मग तिनं सांगितलं काय होतंय ते. पोट पुढं आलं की शरीराचा तोल पुढं जातो, तो सावरायला कमरेचा बाक वाढतो आणि पाठीचे स्नायू दिवसभर दोर ओढून धरल्यासारखे ताणलेले राहतात. त्यात संप्रेरकांमुळे कमरेखालच्या सांध्यांचे बंध सैल झालेले. पुढचा जघनाचा सांधा आणि मागचे दोन, असं ते तीन ठिकाणी जोडलेलं कडं आहे. एका पायावर भार आला की ते कुरकुरतं. गरोदरपणात निम्म्या बायकांची कंबर दुखते, आणि पाचातल्या एकीला हे कड्याचं दुखणं होतं. 'म्हणून सलवार उभ्यानं घालायची नाही. बसून घालायची. रिक्षातून उतरताना दोन्ही गुडघे एकत्र, जसं जुन्या बायका बैलगाडीतून उतरायच्या.'

उपचार म्हणाल तर बघणाऱ्याला काहीच नाही. मी कुशीवर, गुडघ्यांत उशी. तिचा एक हात त्रिकास्थीवर, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडावर, तळवा पूर्ण टेकवलेला, बराच वेळ नुसता ठेवलेला. मग श्वासाबरोबर हळूच खाली ओढ. कमरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू पिठासारखे मळणं नाही, कडेनं धरून ताणून धरणं. बरगड्या खालून उचलून धरणं, कारण शेवटी शेवटी श्वासाचा पडदा वर ढकललेला असतो आणि बाई अर्ध्या छातीनं जगत असते. मग ती म्हणायची, 'माझ्या हाताला गुडघ्यानं ढकला, थोडंसंच, मी हलू देणार नाही.' पाच आकडे मोजायचे, सोडायचं. स्नायू आपण होऊन सैल पडतो, त्यावर तिनं काही करायचं नाही, नुसतं पुढच्या थांब्यापर्यंत जायचं. मी सारखी वाट बघत होते, आता 'कट्ट' वाजेल. वाजलं नाही. कधीच वाजलं नाही.

मला माझे आबा आठवले. आईचे वडील. तरुणपणी कागलहून येऊन इथल्या तालमीत राहिलेले. १९१२ साली उभं राहिलेलं खासबाग मैदान ते देवळाइतकं मानायचे. सांगायचे, कुस्ती झाली की एकमेकांचं अंग रगडायचं, हरलेल्याचं जिंकलेल्यानं. तालमीत लाजत नाहीत. सहा फुटी पैलवान लहान पोरासारखा पालथा पडायचा आणि वस्तादाचा हात पाठीवर फिरला की हुंकारायचा. पुरुषाचं अंग रगडायला आमच्या गावात अख्ख्या इमारती आहेत. बाईच्या अंगाला हात लागतो तो बाळंत झाल्यावर. सव्वा महिना तेल, शेक, शेगडी, कढत पाणी, मालिशवाल्या मावशी, बाळाला आणि आईला. त्यात मात्र आपण कुणाला ऐकायचे नाही. पण त्याआधीचे तीन महिने, जेव्हा अंग खरं फुटत असतं, तेव्हा आमच्या घरात रीत अशी की पोटुशीला हात लावायचा नाही. भीतीपोटी, मायेपोटीच. ओटी भरतात, हिरवा चुडा घालतात, डोहाळजेवणाला झोपाळ्यावर बसवून फोटो काढतात. मला झोपाळ्यावर बसवलं तेव्हा चढायला दोघी आणि उतरायला तिघी लागल्या. फोटोत मी हसतेय. छान आलाय फोटो.

दुसऱ्या भेटीत फिजिओनं नायलॉनच्या साडीचं सांगितलं. 'घरात कुणाची जुनी, गुळगुळीत साडी आहे? चादरीवर कमरेखाली आडवी अंथरा. अंग घासत नाही, गुडघे जोडून घसरत वळता येतं.' मी घरी येऊन हे सांगितलं आणि सासूबाई उठल्या, पेटी उघडली, आणि तळातनं एक जांभळी, मोठ्या पिवळ्या फुलांची नायलॉन साडी काढली. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची. 'ही? ही कशाला खराब करायची?' मी म्हटलं. त्या म्हणाल्या, 'नेसायच्या कामाची ऱ्हायली न्हाई आता. आंग टेक.' त्या रात्री मी एका टप्प्यात वळले. नवरा जागा झाला आणि 'काय झालं?' म्हणून घाबरून उठला. काहीच झालं नव्हतं. तेच तर झालं होतं.

पाच खेपा झाल्या. दर खेपेला ५०० रुपये, आणि राजारामपुरीच्या खड्ड्यांचे वेगळे. पाचव्या खेपेला मी २४ पैकी ९ वर होते. नंतर शेवटच्या आठवड्यात परत ११ वर गेले. पोट वाढतच होतं ना, नदीला वरून पाणी येतच होतं. पंचगंगाही त्याच सुमारास इशाऱ्याच्या वर गेली आणि धोक्याच्या खाली थांबली. सासरे पेपर घडी घालून म्हणाले, 'दोन्ही आटोक्यात हायती.'

मुलगी झाली. सरळ बाळंतपण, त्याचं श्रेय मी कुणाच्या हाताला देणार नाही. कंबर बरीचशी दुखायची थांबली, डॉक्टर म्हणाल्या होत्या तशी.

रात्री दूध पाजताना एका हातात मोबाइल असतो. तेव्हा मी एक शोधनिबंध वाचला, २०१५ मध्ये आलेला, टेक्सासचा. ४०० गरोदर बायका, शेवटची तिमाही. तीन गट केले. एका गटाला नेहमीच्या तपासणीबरोबर ऑस्टिओपॅथीचे हात, नऊ आठवड्यांत सात वेळा. दुसऱ्याला तेवढ्याच वेळा, अल्ट्रासाउंडचं यंत्र अंगावरून फिरवायचा नुसता देखावा. तिसऱ्याला फक्त नेहमीची तपासणी. निकाल असा, की हात लागलेल्या बायकांचं दुखणं आणि रोजच्या हालचाली नुसत्या तपासणीवाल्यांपेक्षा बऱ्या राहिल्या. इथवर मी खूश. पुढचं वाक्य: देखाव्याच्या गटातल्या बायकाही जवळपास तेवढ्याच बऱ्या राहिल्या.

मी मोबाइल खाली ठेवला. आधी फसवल्यासारखं वाटलं. दीडशे वर्षांची विद्या आणि खोटं यंत्र यांचा निकाल बरोबरीत? नवऱ्याला सकाळी सांगितलं तर तो म्हणाला, 'म्हणजे अडीच हजार पाण्यात.' तो हिशेबाचा माणूस आहे.

पण चार दिवस ते डोक्यात घोळत राहिलं. त्या दुसऱ्या गटातल्या बायकांना काय मिळालं? आठवड्याला, दहा दिवसाला एकदा कुणीतरी त्यांना आडवं केलं. त्यांच्या पाठीजवळ बसलं. घाई न करता काहीतरी फिरवत राहिलं. यंत्र खोटं असेल, बसलेलं माणूस खोटं नव्हतं. आणि तिसऱ्या गटाला मिळालं ते मला मिळत होतं ते, दीड तास बाक आणि चार मिनिटं. त्या निबंधातून ऑस्टिओपॅथी सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणत असेल तर त्याला तो नीट वाचायला सांगेन. फिजिओच्या हातानं माझा कुठला सांधा जागेवर आला असंही मी म्हणत नाही, तो मुळात हललेला होता की नाही कुणास ठाऊक. माझी तक्रार वेगळीच आहे. तिसरा गट सगळ्यात मोठा आहे. कोल्हापुरातल्या प्रत्येक बाकावर तो बसलेला आहे.

फिजिओला मी तो निबंध पाठवला, थोडी घाबरतच. तिचं उत्तर आलं, 'माहीत आहे ताई. म्हणूनच पहिल्या दिवशी ४० मिनिटं घेते.' खाली मोज्यांसमोर चप्पल लिहिलेल्या त्या कागदाचा फोटो. आता ती सगळ्यांना तसंच विचारते म्हणे.

मालिशवाल्या मावशींनी सव्वा महिना मला रगडून काढलं. त्यांच्या हाताला कुठल्याही विद्यापीठाचा शिक्का नाही आणि अदबही नाही. 'कंबर कशी गं सोडलीस एवढी? आधी सांगायचं न्हाई?' म्हणून मलाच दटावायच्या. मी म्हटलं, 'आधी तुम्ही येता का मावशी?' त्या तेल लावता लावता थांबल्या. 'न्हाई बाई. आमाला आधी कोन बोलवत न्हाई.'

आता यंदाचा जुलै. आमच्या खालच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, गडहिंग्लजची पोरगी, आठवा चालू आहे. काल संध्याकाळी सासूबाई दारात उभ्या राहून तिच्याशी बोलत होत्या. मी जिन्यावर मुलीला घेऊन. पाणी ३४ फुटांवर आहे, भीती नाही, हे आधी झालं. मग त्यांनी आवाज खाली केला.

'रात्री वळतीस कशी गं?'

ती पोरगी काहीच बोलली नाही. नुसती त्यांच्याकडं बघत राहिली. सासूबाई वर आल्या, पेटी उघडली आणि मला म्हणाल्या, 'ती जांभळी कुठं ठेवलीस?'